व्हॅलेंटाईन डेला होणारा विरोध नेमका कशाला असतो?

रथसप्तमी झाली की इंदूरच्या मराठी घरांतली संक्रांतीची हळदीकुंकवे संपतात, आणि साधारण त्याच सुमारास राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत हृदयाच्या आकाराचे लाल फुगे टांगलेले दिसू लागतात. गेल्या वर्षी याच दिवसांत रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने मला विचारले, "काका, एक दिवस कुणी कुणाला फूल दिलं तर धर्म कसा बुडतो, ते मला समजावून सांगाल का?" तिचे आजोबा समोरच बसले होते. त्यांनी तिला १४ फेब्रुवारीला मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर जायला नुकतीच मनाई केली होती, आणि प्रश्न मला विचारलेला असला तरी तो त्यांच्यासाठी होता हे आम्हा तिघांनाही कळत होते. मी तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते. या लेखात ते जरा सविस्तर मांडतो.

पहिली गोष्ट अशी की 'विरोध' हा शब्द एकच असला तरी त्याच्या पोटात निरनिराळ्या हरकती आहेत. कुणाला तो दिवस परधर्मातला वाटतो म्हणून नको असतो, कुणाला तो परदेशी वाटतो म्हणून, कुणाला तो बाजाराने लादलेला वाटतो म्हणून, आणि पुष्कळांना तो मुलामुलींच्या लग्नाचा निर्णय घराबाहेर नेतो म्हणून. या हरकती एकमेकींना इतक्या चिकटल्या आहेत की बोलणाऱ्यालाही आपण नेमकी कोणती मांडतो आहोत याचे भान राहत नाही, आणि वाद दरवर्षी जिथल्या तिथे राहतो.

ज्याच्या नावाने हा दिवस ओळखला जातो, त्या संत व्हॅलेंटाईनपासून सुरुवात करू. तिसऱ्या शतकात रोममध्ये व्हॅलेंटाईन नावाचे एक किंवा अधिक ख्रिस्ती हुतात्मे होऊन गेले, एवढेच त्यांच्याबद्दल खात्रीने म्हणता येते. सम्राट क्लॉडियसने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली होती आणि या संताने ती मोडून चोरून लग्ने लावली, ही लोकप्रिय कथा त्या काळच्या पुराव्याने सिद्ध होत नाही. प्रेमाशी या दिवसाचा संबंध जोडला गेला तो पुष्कळ नंतर, चौदाव्या शतकात, जेव्हा चॉसर या इंग्रज कवीने या संताच्या दिवशी पक्षी आपापले जोडीदार निवडतात अशी कल्पना मांडली. पुढे १९६९ मध्ये कॅथलिक चर्चनेच आपल्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून हा सण वगळला, कारण संताविषयीची ऐतिहासिक माहिती फारच तुटपुंजी होती. तेव्हा हा ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारा सण आहे, ही हरकत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ज्या धर्माचे नाव घेऊन तो नाकारला जातो, त्या धर्माच्या उपासनेत आज त्याला फारसे स्थान उरलेले नाही.

विरोध हिंदू संघटनांपुरता किंवा भारतापुरता मर्यादित आहे, हा आणखी एक समज. पाकिस्तानात २०१७ च्या फेब्रुवारीत इस्लामाबाद उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी हा दिवस साजरा करण्यास आणि प्रसारमाध्यमांतून त्याची जाहिरात करण्यास मनाई केली. मलेशियात राष्ट्रीय फतवा समितीने २००५ मध्ये मुसलमानांनी तो पाळू नये असे जाहीर केले. सौदी अरेबियात कित्येक वर्षे या दिवसांत लाल गुलाब विकण्यावर धार्मिक पोलिसांची करडी नजर असे. २०१८ पासून हे वातावरण बरेच निवळले. उझबेकिस्तानात २०१२ मध्ये या दिवसाचे कार्यक्रम बाजूला सारून त्याच तारखेला येणारी बाबराची जयंती पुढे करण्यात आली. इस्लामी विद्वानांच्या मांडणीत दोन मुद्दे असतात: एक, धर्माने दोन ईद दिल्या असताना दुसऱ्या धर्माच्या सणाचे अनुकरण करू नये, दोन, निकाहाबाहेरच्या स्त्री-पुरुष संबंधांना उत्सवाचे रूप देऊ नये. शब्द बदलले तर यातला दुसरा मुद्दा आमच्या रामबागेतल्या आजोबांचाच आहे. जे लोक एरवी एकमेकांच्या धर्माविषयी साशंक असतात त्यांची हरकत इतकी सारखी निघते, याचा अर्थ तिचे मूळ कुठल्या एका धर्मग्रंथात नसून घर, मुली आणि लग्न यांविषयीच्या समान काळजीत आहे, असे मला वाटते.

हिंदू परंपरेच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याची सर्वांत बळकट बाजू बहुधा मांडलीच जात नाही. परंपरेने काम हा पुरुषार्थ मानला आहे आणि धर्माला सोडून नसलेला काम म्हणजे मीच, असे गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत म्हणतात. म्हणजे प्रेम हे पाप नाही. त्याला वेळ आणि मर्यादा आहे. विद्यार्थिदशा ही ब्रह्मचर्याश्रमाची, गृहस्थाश्रमाआधीची, म्हणून शिकण्याच्या वयात मन दुसरीकडे वळवणारा उत्सव नको, असे कुणी म्हटले तर त्या म्हणण्याला परंपरेचा खरा आधार आहे. ते पटो वा न पटो, त्यावर चर्चा होऊ शकते.

'हे आपल्या संस्कृतीत नव्हतेच' हे म्हणणे मात्र वेगळे आहे, आणि ते टिकत नाही. कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' आपल्याच प्रदेशातल्या विदिशेत घडते. हे नाटक वसंतोत्सवात सादर करायचे आहे असे सूत्रधार सुरुवातीलाच सांगतो आणि त्यात प्रेम फुलते तेही वसंतातल्या उपवनात. ज्या महाराष्ट्री प्राकृतातून आपली मराठी आली, त्या भाषेतला सर्वांत जुना मोठा काव्यसंग्रह, सातवाहन राजा हालाच्या नावाने ओळखली जाणारी सुमारे सातशे गाथांची 'गाथासप्तशती', बहुतांशी गावातल्या साध्या स्त्री-पुरुषांच्या प्रेमाविषयी, विरहाविषयी आणि चोरट्या भेटींविषयी आहे. मनुस्मृतीने लग्नाचे आठ प्रकार सांगितले त्यांत वधूवरांनी परस्परांच्या इच्छेने केलेला गांधर्व विवाहही आहे.

याहून जवळचे उदाहरण आपल्या घरांतच आहे. मुलीचे लग्न लवकर जमावे म्हणून तिच्याकडून एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चे पारायण करून घेण्याची पद्धत इंदूरच्या मराठी घरांत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. सोळाव्या शतकातल्या या ग्रंथाची कथा काय आहे? भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न रुक्मिणीला मान्य नाही. ती एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला पत्र पाठवते, आपल्याला कुठून आणि केव्हा न्यावे हेसुद्धा त्यात कळवते, आणि देवीच्या दर्शनाहून परतताना त्याच्या रथात बसून निघून जाते. माझ्या आजीने हा ग्रंथ माझ्या दोन्ही आत्यांना वाचायला लावला होता आणि तिची त्यावर निस्सीम श्रद्धा होती. त्या श्रद्धेचा मला आदर आहे, आणि म्हणूनच वाटते की मुलीने आपला जोडीदार स्वतः निवडणे हे आपल्या परंपरेला अपरिचित नाही, हे त्या पोथीचा मान राखून आपण कबूल करायला हवे.

पण उलट बाजूला जाऊन 'आपला मदनोत्सव म्हणजेच जुना व्हॅलेंटाईन डे' असे म्हणणेही बरोबर नाही. वसंतोत्सव हा सगळ्या नगराचा ऋतूउत्सव होता. दोन व्यक्तींनी सगळ्यांपासून बाजूला होऊन एकमेकांना दिलेला दिवस असे त्याचे स्वरूप नव्हते. अशा सोयीच्या तुलनेतून काय नुकसान होते ते झाबुआ, आलिराजपूर, धार आणि बडवानी या भागातल्या भिल्ल-भिलाला समाजाने अनुभवले आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे भगोरियाचे हाट भरतात. ढोल-मांदळ, बासरी, नवे कपडे, गुलाल, खरेदी आणि पाहुण्यांच्या भेटीगाठी असा तो सणाचा बाजार असतो. पण शहरातल्या लेखांनी आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला 'आदिवासींचा व्हॅलेंटाईन डे' करून टाकले. तिथे मुले-मुली पळून जाऊन लग्न करतात एवढेच त्यातले उचलून सांगितले गेले. असे लग्न पुढे पंचांसमोर दापा (वधूमूल्य) ठरवून दोन्ही कुळांनी मान्य करायचे असते, हा भाग बाजूला पडला. आदिवासी संघटनांनी या रंगवण्याला वारंवार आक्षेप घेतला आहे आणि तो रास्त आहे. दुसऱ्याच्या सणावर आपली कल्पना लादली की त्या लोकांना किती लागते, हे या उदाहरणावरून कळते.

बाजाराविषयीच्या हरकतीवर फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण ती बरीचशी खरी आहे. भारतात हा दिवस १९९१ नंतरच्या खुल्या अर्थव्यवस्थेबरोबर, भेटकार्डांच्या दुकानांतून आणि संगीत वाहिन्यांतून पसरला, आणि तो वाढवण्यात विक्रेत्यांचा हात आहे हे कुणी नाकारत नाही. मात्र धनत्रयोदशीची आणि अक्षय्य तृतीयेची सोनेखरेदीही सराफ्यातल्या जाहिरातींनीच वाढवली आहे, तेव्हा ही कसोटी एकाच दिवसाला लावता येणार नाही. आणि या बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मावळातला शेतकरी आहे. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव-मावळ पट्ट्यात पॉलीहाऊसमध्ये गुलाब पिकवणारे शेतकरी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फूल हाती यावे म्हणून आधीच्या डिसेंबरपासून छाटणीचे गणित बसवतात. त्यांचा माल परदेशात जातो तसा देशातल्या शहरांतही जातो. लाल गुलाबावरचा राग त्यांच्याही ताटापर्यंत पोहोचतो.

हा राग रस्त्यावर कसा आला ते थोडक्यात सांगतो. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी भेटकार्डे जाळली आणि उत्तर भारतात बजरंग दलाने बागा आणि दुकानांसमोर निदर्शने केली. २४ जानेवारी २००९ रोजी मंगळुरूच्या एका पबमध्ये श्रीराम सेनेच्या लोकांनी मुलींना मारहाण केली. त्यानंतर या संघटनेचे प्रमुख प्रमोद मुतालिक यांनी १४ फेब्रुवारीला एकत्र दिसणाऱ्या जोडप्यांची लग्ने लावून देऊ असा इशारा दिला, तेव्हा देशभरातील स्त्रियांनी निषेध म्हणून त्यांना गुलाबी अंतर्वस्त्रे टपालाने पाठवली. लग्न लावून देण्याची ही धमकी मला फार बोलकी वाटते. परदेशी सणाला शिक्षा म्हणून लग्न कशाला? कारण हरकत सणाला नसून लग्नाआधीच्या आणि घराने न ठरवलेल्या सहवासाला आहे. काही ठिकाणी जोडप्यांमधल्या मुलीला त्या मुलाच्या हाताला राखी बांधायला लावण्याचेही प्रकार झाले. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्यात दोन माणसांच्या अपमानाबरोबर राखीच्या धाग्याचाही अपमान आहे. बहिणीने मनापासून बांधायची गोष्ट दंड म्हणून बांधून घेतली जाते.

तारखेला दुसरा अर्थ देण्याचे प्रयत्नही झाले. 'मातृ-पितृ पूजन दिवस' ही कल्पना आसारामच्या आश्रमाने पुढे आणली आणि छत्तीसगडमध्ये ती शाळांपर्यंत पोहोचली. याच आसारामला २०१३ मध्ये आपल्या इंदूरमधल्या आश्रमातून अटक झाली आणि अल्पवयीन मुलीवरील बलात्काराच्या गुन्ह्यात जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला जन्मठेप सुनावली. आई-वडिलांच्या पाया पडणे यामुळे वाईट ठरत नाही. पण संस्कृतिरक्षणाचा दावा कोण करतो आहे हे पाहण्याचा धडा इंदूरकरांना यातून मिळाला. २०२३ मध्ये केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने या दिवशी गाईला मिठी मारण्याचे आवाहन केले आणि चार दिवसांत ते मागे घेतले. भगतसिंगांना १४ फेब्रुवारीला फाशी झाली असा संदेश दरवर्षी फिरतो. तो चुकीचा आहे, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली ती २३ मार्च १९३१ रोजी. पुलवामाचा हल्ला मात्र खरोखरच २०१९ च्या १४ फेब्रुवारीला झाला आणि त्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान हुतात्मा झाले. त्या दिवशी ज्याला आनंद साजरा करवत नाही, त्याच्या भावनेशी वाद घालण्याचे कारण नाही.

आता पुन्हा रामबागेतल्या आजोबांकडे येतो, कारण या विषयाचा गाभा त्यांच्या बोलण्यात आहे. बराच वेळ धर्म आणि संस्कृती यांवर बोलून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "फुलाचं काही नाही हो. पण उद्या ही कुणालाही घेऊन दारात उभी राहिली, तर हिची मुलं माझ्याशी कोणत्या भाषेत बोलतील?"

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न कदाचित परका वाटेल. आम्हा बृहन्महाराष्ट्रातल्या लोकांना तो रोजचा आहे. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांबरोबर आणि नंतर अहिल्याबाईंच्या राज्यात जी मराठी कुटुंबे माळव्यात स्थिरावली, त्यांची आज कित्येक पिढ्यांनंतरही घरातली भाषा मराठी राहिली, याला शाळा, नाट्यगृहे आणि गणेशोत्सव कारण आहेतच. पण सर्वांत मोठे कारण लग्नसंबंध आहे. सून ग्वाल्हेर, धार, देवास, खंडवा, नागपूर किंवा पुण्याहून आणायची, मुलगीही तशाच घरी द्यायची, वधू-वर मेळाव्यांत नावे नोंदवायची, नातेवाईकांकडून स्थळे मागवायची, हे जाळे अडीचशे वर्षे विणले गेले आहे. मुलामुलींनी महाविद्यालयात, नोकरीत किंवा बागेत आपापले जोडीदार निवडले तर या जाळ्याचे एकेक टाके उसवणार, ही आजोबांची भीती खोटी नाही. ती पोटातून आलेली भीती आहे आणि तिला मागासलेपणा म्हणून झटकून टाकणाऱ्या तरुणांनी ती एकदा शांतपणे ऐकून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

मात्र त्याच जाळ्यात भाषेबरोबर जातही विणलेली आहे. स्थळ पाहताना मराठीइतकीच, किंबहुना तिच्याआधी, जात आणि पोटजात विचारली जाते. मराठी बोलणारा पण वेगळ्या जातीचा मुलगा याच आजोबांना चालला असता का, हे मी त्यांना विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. देशभरातील कुटुंबांच्या २०११-१२ च्या मानवविकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले होते. या आकड्याकडे पाहिले म्हणजे गुलाबाच्या फुलाला एवढा विरोध का होतो ते कळते. लग्न घराने ठरवायचे की ज्यांना ते करायचे आहे त्यांनी, हा निर्णय त्या फुलाला चिकटलेला आहे, आणि जात टिकते ती याच निर्णयावर.

आपल्या शहराने या प्रश्नाला पूर्वी तोंड दिलेले आहे. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी धनगर-मराठा विवाहसंबंधांना पाठिंबा दिला. त्यांचे पुत्र यशवंतराव यांचा विवाह १९२४ मध्ये कागलकर घाटग्यांच्या कन्येशी झाला, आणि या संबंधांमागे राजर्षी शाहू महाराजांचाही पुढाकार होता. गादी सोडल्यानंतर, १९२८ मध्ये, स्वतः तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न करायचे ठरवले तेव्हा सनातनी मंडळींनी आणि समाजातल्या अनेकांनी विरोध केला. शेवटी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते नॅन्सी यांना हिंदू धर्माची दीक्षा देण्यात आली, त्यांचे नाव शर्मिष्ठादेवी झाले आणि बडवाह येथे विवाह लागला. धर्माचे नाव घेऊन विरोध झाला आणि धर्माचाच विधी करून वाट निघाली. ती वाट राजाला मिळाली, साध्या घरातल्या मुलीला आजही सहज मिळत नाही, हा फरक मात्र विसरता येत नाही.

कायदा याबाबतीत काय म्हणतो ते शेजारच्या मुलीला हवे होते. सज्ञान व्यक्तीला आपल्या पसंतीने लग्न करण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या लता सिंग प्रकरणात आणि २०१८ च्या शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट केले. दुसऱ्या निकालात तर अशा जोडप्यांना धमक्या आल्यास संरक्षणाची व्यवस्था करण्याचे आदेश राज्यांना दिले. सार्वजनिक जागी अश्लील वर्तन करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ प्रमाणे गुन्हा आहे. पण बाकावर शेजारी बसणे किंवा फूल देणे त्यात बसत नाही, आणि बसते असे वाटले तरी कारवाईचा अधिकार पोलिसांचा आहे, बागेत जमलेल्या टोळीचा नाही. कुणाची वाट अडवणे हा कलम १२६ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे. त्याच वेळी एखाद्याने हा दिवस पाळू नये म्हणून पत्रक काढले, व्याख्यान दिले किंवा शांतपणे निदर्शने केली, तर तोही त्याचा घटनेने दिलेला अधिकार आहे, आणि मुलीच्या बाजूने बोलताना मी तिला हेही सांगितले.

एक अडचण मात्र कायद्यातच आहे. वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांना आपापला धर्म न सोडता लग्न करायचे तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, पण त्यात आधी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि हरकती घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली. कायद्यातले कलम मात्र बदललेले नाही. ते ऐकून मुलगी म्हणाली, "म्हणजे महिनाभर ते पत्रक सगळ्यांनी वाचायचं." आजोबांनी चष्मा पुसला आणि तिला विचारले, "त्या नोटिशीवर पत्ताही असतो का गं?" मी असतो म्हटले. ते म्हणाले, "हे बरोबर नाही. मला आवडो न आवडो, पोरीचा पत्ता असा भिंतीवर लावू नये."